‘अजून थोडे दिवस बघू’ हे काही निदान नव्हे

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुमचा भाऊ, वय चाळिशीचं. काही वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालेलं. एआरटीच्या गोळ्या चालू होत्या, मग कामासाठी गाव सुटलं आणि गोळ्याही सुटल्या. गेल्या महिन्याभरात तो विसराळू झाला, चिडचिडा झाला. एका सकाळी हातातला चहाचा कप निसटला आणि उजवा हात उचलेनाच. तुम्ही त्याला दवाखान्यात नेलंत. एमआरआय झाला. मेंदूत गाठ आहे.

डॉक्टर म्हणाले, ‘एचआयव्ही आहे, म्हणजे इन्फेक्शनची गाठ असणार. औषध सुरू करू आणि बघू.’

इथपर्यंत काही चुकलेलं नाही. चूक पुढे सुरू होते. पंधरा दिवसांनी भाऊ आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, ‘अजून थोडे दिवस बघू.’ मग टीबीचीही औषधं जोडली जातात. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं जातं आणि चार दिवस भाऊ चांगला बोलतो. घरी आनंद होतो. स्टेरॉइड कमी केलं की पुन्हा सगळं मूळपदावर. दोन महिने होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘आता घरीच न्या. यात काही करण्यासारखं नाही.’

या दोन महिन्यांत त्या गाठीचं नाव काय, हा प्रश्न कुणीच शेवटाला नेला नाही. या लेखाचं भांडण त्याच गोष्टीशी आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मेंदूत गाठ दिसली, तर अंदाजाने उपचार सुरू करणं योग्य असू शकतं, पण त्या अंदाजाला तारीख हवी. ती तारीख ओलांडली की पाठीतल्या पाण्यात एका विशिष्ट विषाणूचा शोध आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासणं, या गोष्टी टाळणं म्हणजे रुग्णाचा वेळ वाया घालवणं आहे. आणि या आजारात वेळ फार थोडा असतो.

संशयित तीन, चेहरे सारखे

एचआयव्हीने प्रतिकारशक्ती फार खाली गेली, म्हणजे रक्तातल्या सीडी-४ पेशी १०० च्या खाली आल्या, की मेंदूत गाठ करणारे तीन मुख्य संशयित असतात.

पहिला टॉक्सोप्लाझ्मा. हा एक परजीवी. मांजराच्या विष्ठेतून दूषित झालेलं पाणी, माती, भाजी किंवा अर्धकच्चं मांस यांतून तो कधीतरी आपल्या शरीरात आलेला असतो आणि गुपचूप पडून असतो. पहारा ढिला पडला की जागा होतो. याच्या गाठी बहुधा एकाहून जास्त असतात.

दुसरा क्षय. आपल्या देशात याला विसरून चालतच नाही. मेंदूत क्षयाच्या गाठी होतात आणि त्या एचआयव्ही नसलेल्यांनाही होतात.

तिसरा लिम्फोमा. म्हणजे मेंदूतच सुरू होणारा, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो बहुधा सीडी-४ अगदी ५० च्याही खाली गेल्यावर येतो. गाठ बऱ्याचदा एकच आणि मोठी असते, मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला किंवा दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलापाशी बसलेली.

वर मी ‘बहुधा’ आणि ‘बऱ्याचदा’ हे शब्द मुद्दाम वापरले. कारण फिल्मवर तिघांचे चेहरे सारखे दिसू शकतात. तिघांभोवतीही सूज असते, तिघांच्याही कडेला चमकणारं कडं दिसू शकतं. टॉक्सोची गाठ एकच असू शकते, लिम्फोमाच्या चार असू शकतात. अनुभवी रेडिओलॉजिस्टसुद्धा रिपोर्टात तिन्ही नावं लिहून खाली ‘क्लिनिकली तपासून पाहावे’ अशी ओळ टाकतो. तो आळशीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे. फिल्म एवढंच सांगू शकते. मात्र त्या ओळीवर पुढे कुणी काही केलंच नाही, तर तो निष्काळजीपणा होतो.

तिघांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून नाव कळणं ही पुस्तकी हौस नाही.

विषाणूचा इथे काय संबंध?

आता तुम्ही विचाराल, कॅन्सर म्हणता, मग विषाणू कुठून आला? एचआयव्ही हाच का तो विषाणू?

नाही. हा दुसरा. याचं नाव एप्स्टाईन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. १९६४ साली लंडनमध्ये अँथनी एप्स्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार या तिघांनी तो पहिल्यांदा पाहिला. युगांडातल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लिम्फोमाचे तुकडे विमानाने लंडनला येत, त्यातून वाढवलेल्या पेशींमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा सापडला. माणसाच्या कॅन्सरशी नातं असलेला हा पहिलाच विषाणू.

पण घाबरू नका. हा विषाणू जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. माझ्यात असेल, तुमच्यातही असेल. लहानपणी लाळेतून येतो, साध्या तापासारखा जातो किंवा कळतही नाही, आणि मग बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये जन्मभर दडून बसतो. आपल्या टी-पेशी त्याच्यावर सतत नजर ठेवून असतात. म्हणून तो आयुष्यभर भाडेकरूसारखा राहतो, मालक होत नाही.

एचआयव्ही नेमका हा पहारा मारतो. पहारा उठला की ईबीव्ही ज्या पेशीत बसलाय, तिला ‘वाढत राहा, मरू नकोस’ असा हुकूम देऊ लागतो. त्यातल्या काही पेशी बेलगाम होतात. मेंदूत हे घडलं की तो मेंदूचा लिम्फोमा.

१९९१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या संशोधकांनी एड्सच्या रुग्णांच्या मेंदूतल्या अशा २१ लिम्फोमांचे तुकडे तपासले. एकवीसच्या एकवीस तुकड्यांमध्ये, गाठीच्या पेशींच्या आत, ईबीव्ही सापडला. उलट, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाला मेंदूचा लिम्फोमा झाला, तर त्यात हा विषाणू सहसा नसतो. म्हणजे एड्सच्या रुग्णात हा विषाणू त्या गाठीची जवळजवळ सहीच आहे. आणि सही शोधता आली, तर गाठ ओळखायला मदत होईल, हे ओघानेच आलं.

विषाणू सापडला म्हणजे कुठे सापडला?

रिपोर्टावर ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ असं वाचून काळजाचा ठोका चुकतो. तसं झालं की पहिला प्रश्न विचारा: नमुना कशाचा होता? उत्तर तीनपैकी एक असेल आणि तिघांचे अर्थ वेगळे आहेत.

रक्त. रक्तातली ईबीव्हीची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही जगातल्या बहुसंख्य माणसांसारखे आहात. मेंदूच्या गाठीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. रक्तातला विषाणू मोजला, तरी एचआयव्हीच्या रुग्णांत तो लिम्फोमा नसतानाही सापडू शकतो. तरीही मोठमोठ्या ‘पॅनेल’मध्ये ही अँटिबॉडी टाकून बिल वाढवलं जातं आणि रिपोर्ट हातात आल्यावर घरच्यांची झोप उडते. या प्रश्नासाठी हा खर्च करू नका. पैसे पुढच्या तपासणीसाठी ठेवा.

पाठीतलं पाणी. मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू यांच्याभोवती जे द्रव असतं, ते कमरेपाशी सुई घालून काढतात. त्यात ईबीव्हीचा डीएनए आहे का, हे पीसीआरने पाहता येतं. पीसीआर आता कोविडमुळे घराघरात माहीत आहे. विषाणूच्या जनुकाचा एक छोटा तुकडा असेल, तर त्याच्या लाखो-कोट्यवधी प्रती करून तो दिसण्याजोगा करायचा, एवढंच ते तंत्र. गाठीतल्या पेशी मरतात, त्यांच्यातला विषाणूचा डीएनए या द्रवात उतरतो आणि पीसीआर तो पकडते. १९९३ साली इटलीतल्या मिलानमधल्या संशोधकांनी हे एड्सच्या रुग्णांत दाखवून दिलं, तेव्हा डोक्याला भोक न पाडता निदान जवळ आल्याचा मोठा आनंद झाला होता.

त्या आनंदात पुढे पाणी पडलं, आणि तेही तुम्हाला कळायला हवं. सुरुवातीच्या अभ्यासांत ही तपासणी अतिशय नेमकी वाटली. नंतर जास्त संवेदनशील यंत्रं आली, जास्त प्रकारचे रुग्ण तपासले गेले, आणि लक्षात आलं की लिम्फोमा नसतानाही या पाण्यात ईबीव्ही सापडू शकतो. मेंदूच्या आवरणाला क्षयाने किंवा बुरशीने सूज आली, की पहाऱ्यासाठी धावून आलेल्या बी-पेशी आपल्याबरोबर हा भाडेकरूही घेऊन येतात. सुई टोचताना रक्त मिसळलं, तरी तो येऊ शकतो. केप टाऊनमधल्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. नुसतं ‘आहे की नाही’ पाहिलं तर खोटे इशारे बरेच. विषाणूची संख्या मोजली आणि दर मिलिलिटरला १० हजार प्रतींच्या वरचाच निकाल धरला, तर खोटे इशारे खूप कमी झाले, तरी संपले नाहीत. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर थांबू नका. किती, हे विचारा.

उलट बाजूही आहे. पाण्यात विषाणू सापडला नाही, म्हणून लिम्फोमा नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गाठीचा तुकडा. इथे प्रश्न मिटतो. तुकड्यात लिम्फोमाच्या पेशी दिसल्या आणि त्याच पेशींच्या आत विषाणूची खूण उमटली, तर शंका राहत नाही. ही खूण शोधण्याच्या तपासणीला पॅथॉलॉजिस्ट ‘ईबर’ म्हणतात. विषाणू ज्या पेशीत दडलेला असतो, तिथे तो एक प्रकारचा आरएनए ढिगाने बनवतो. त्यालाच रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहायचं. रंग कोणत्या पेशीत चढला, हे डोळ्यांनी दिसतं. पाण्यातला डीएनए कुठून आला याचा अंदाज करावा लागतो, इथे तो अंदाज लागत नाही.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर रक्तातला विषाणू ही बाजारातली अफवा, पाठीतल्या पाण्यातला विषाणू हा साक्षीदार, आणि तुकडा हा मुद्देमाल. अफवेवर कुणाला शिक्षा करू नये. साक्षीदाराला हाकलूनही देऊ नये. त्याची साक्ष इतर पुराव्यांशी जुळवून पाहावी. रक्तातली टॉक्सोची अँटिबॉडी काय म्हणते? सीडी-४ किती? रुग्ण रोज कोट्रायमॉक्सॅझोल घेत होता का? गाठ एक की अनेक? पेट स्कॅन झाला असेल तर गाठ तिथे उजळते का? लिम्फोमा सहसा उजळतो, टॉक्सोची गाठ सहसा थंड दिसते. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल, तर साक्षीदाराचं वजन वाढतं.

अंदाजी उपचार कधीपर्यंत?

माझे काही सहकारी इथे रागावतील. ते म्हणतील, ‘अंदाजाने टॉक्सोचा उपचार सुरू करणं जगभरात मान्य आहे. तुम्ही लोकांना उगाच भडकवता.’

मान्य आहे, आणि मीही तेच करायला सांगेन. टॉक्सो बरा होणारा आजार आहे, त्याचं औषध महाग नाही, आणि योग्य औषध मिळालं तर बहुतेक रुग्ण दोन आठवड्यांत स्पष्ट सुधारतात. हात हलू लागतो, बोलणं सुटतं, दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठी आकसतात. म्हणजे हा उपचार ही स्वतःच एक तपासणी आहे. पण निकालाची तारीख नसेल, तर ती तपासणी कसली? दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा स्कॅन, आणि सुधारणा नसेल तर पुढचं पाऊल, हा त्या मान्य पद्धतीचाच अर्धा भाग आहे. आपण पहिला अर्धा पाळतो आणि दुसरा सोयीस्करपणे विसरतो.

शिवाय काही वेळा ते दोन आठवडेही थांबायचं कारण नसतं. टॉक्सोचा आजार जवळजवळ नेहमी जुन्या, दडलेल्या संसर्गातून उठतो, त्यामुळे रक्तात त्याची अँटिबॉडी बहुतेकदा असतेच. ती नसेल, गाठ एकच आणि मोठी असेल, आणि पाठीतल्या पाण्यात ईबीव्ही मोठ्या संख्येने असेल, तर टॉक्सोची वाट पाहत बसणं म्हणजे बस गेल्यावर थांब्यावर उभं राहणं.

क्षयाच्या बाबतीत गोष्ट जास्त अवघड आहे, हे कबूल करायला हवं. मेंदूतली क्षयाची गाठ आकसायला महिने लागू शकतात, आणि उपचार बरोबर असूनही ती सुरुवातीला मोठी दिसू शकते. त्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ हे दोन आठवड्यांत ठरवता येत नाही. पण नेमकी हीच अडचण आडोसा म्हणून वापरली जाते. ‘टीबी असेल, वेळ लागेल’ या वाक्याआड लिम्फोमा निवांत वाढतो. क्षयाचा संशय असेल, तर त्याचाही पुरावा शोधायला हवा. छातीचा फोटो, शरीरातल्या इतर गाठी, पाठीतल्या पाण्यातली क्षयाची जनुकीय तपासणी. काहीच सापडत नसेल, तर क्षयाचा अंदाज कमकुवत होत जातो, बळकट होत नाही.

चार दिवसांचं स्टेरॉइड

स्टेरॉइडबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

मेंदूला सूज आहे, म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं जातं. जीव धोक्यात असेल, रुग्ण बेशुद्ध होत असेल, तर ते द्यावंच लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते, कधीकधी स्कॅनवरून नाहीशीही होते. डॉक्टर म्हणतात टॉक्सोचं औषध लागू पडलं, घरचे म्हणतात देव पावला. काही आठवड्यांत गाठ परत येते, कारण स्टेरॉइडने ती बरी होत नाही. आणि मधल्या काळात तुकडा काढला, तर त्यात मेलेल्या पेशींपलीकडे काही दिसत नाही, निदान हुकतं.

म्हणून जीवाला तातडीचा धोका नसेल, तर तुकडा काढायच्या आधी स्टेरॉइड नको. आणि द्यावंच लागलं, तर त्यानंतर आलेल्या सुधारणेचं श्रेय दुसऱ्या कुठल्या औषधाला देऊ नये. तुम्ही रुग्णाचे नातेवाईक असाल, तर हा एक प्रश्न विचारायला विसरू नका: ‘डॉक्टर, यात स्टेरॉइड आहे का, आणि तुकडा काढायचा ठरला तर त्याची अडचण होईल का?’

सुईची भीती, आणि भीतीच्या नावाखाली दुसरंच काही

पाठीतलं पाणी काढल्याने माणूस लुळा पडतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. सुई जिथे घालतात, तिथे मज्जारज्जू संपलेली असते. तिच्या खाली फक्त नसांचा झुपका पाण्यात तरंगत असतो. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, ते बहुधा विश्रांतीने आणि साध्या औषधाने जातं.

एक धोका मात्र खरा आहे. मेंदूत मोठी गाठ आणि खूप दाब असताना पाणी काढलं, तर मेंदू खाली सरकू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी स्कॅन, मग निर्णय. डॉक्टर म्हणाले की दाब जास्त आहे, पाणी काढणं सुरक्षित नाही, तर ते ऐका. तेव्हा ईबीव्हीचा हट्ट धरू नका. अशा वेळी थेट तुकड्याचा विचार करावा लागतो.

तुकडा काढणं म्हणजे कवटी उघडणं नव्हे. स्कॅनच्या मदतीने जागा अचूक मोजून, कवटीला छोटं भोक पाडून, बारीक सुईने तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात. धोका आहे, मुख्यतः रक्तस्रावाचा, आणि गाठ किती खोल, कुठे आहे यावर तो कमी-जास्त होतो. कधीकधी तो इतका असतो की तुकडा न काढणंच शहाणपणाचं ठरतं, आणि मग पाण्यातल्या विषाणूची साक्ष आणि इतर पुरावे यांवर निर्णय घ्यावा लागतो. हे सगळं तोलून ‘नको’ म्हटलं, तर तो वैद्यकीय निर्णय आहे.

पण ‘नको’ नेहमी तोलूनच म्हटलं जातं का? ‘एचआयव्ही आहे, ऑपरेशनला हात कोण लावणार?’ हे वाक्य कुजबुजत म्हटलं जातं आणि केसपेपरवर ‘रुग्णाची प्रकृती अनुकूल नाही’ असं लिहिलं जातं. ही कुजबुज बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात निषिद्ध आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती फोडणंही निषिद्ध आहे. हातमोजे, गाऊन, चष्मा ही काळजी प्रत्येक ऑपरेशनला घ्यायचीच असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

आणि घरच्यांचंही थोडं ऐकून घ्या. ‘कशाला आता त्याला टोचाटोची’ या वाक्यात माया असते, हे मला माहीत आहे. पण थोडं खरवडलं तर कधीकधी खाली लाज सापडते. मोठ्या दवाखान्यात नेलं तर नातेवाइकांना कळेल, गावात कळेल. रुग्ण बोलू शकत असेल, समजू शकत असेल, तर निर्णय त्याचा आहे. त्याला विचारलंत का?

‘कळून तरी काय उपयोग?’

हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात जिवावर बेतणारा. तो कधीकाळी खरा होता. एआरटी येण्याआधी एड्समधल्या मेंदूच्या लिम्फोमाचा रुग्ण निदानानंतर जेमतेम काही आठवडे, फार तर काही महिने जगे. तेव्हा मेंदूला रेडिएशन देत आणि थोडे दिवस मिळवत.

१९९६ नंतर एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि चित्र बदललं. पहारा परत उभा राहू लागला, हा कॅन्सर होण्याचं प्रमाणच झपाट्याने घटलं. ज्यांना होतो, त्यांच्यासाठी आज एआरटी आणि मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या डोसमध्ये, बऱ्याचदा रिटुक्सिमॅबबरोबर, असा उपचार दिला जातो. अमेरिकेत अशा पद्धतीने उपचार केलेल्या १२ रुग्णांचा एक छोटा अभ्यास आहे. त्यातले निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतरही हयात होते. बाराच रुग्ण आहेत, त्यावरून मी तुम्हाला हमी देणार नाही. हा उपचार कठीण आहे, मूत्रपिंडांवर ताण आणतो, दवाखान्यात राहून घ्यावा लागतो, आणि फार खालावलेल्या माणसाला तो झेपत नाही. पण ‘काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य आता खोटं आहे. उपचार झेपणारा माणूस दोन महिन्यांच्या ‘बघू या’नंतर न झेपणारा होतो, आणि मग ते वाक्य आपण आपल्या हाताने खरं करतो.

खर्चाचं म्हणाल, तर प्रश्न खरा आहे. ईबीव्हीची पीसीआर प्रत्येक गावात होत नाही, नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मेंदूची बायॉप्सी जिल्ह्याच्या ठिकाणीही प्रत्येक वेळी होत नाही. पण भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी २००४ पासून मिळते, आणि एआरटी केंद्रातला समुपदेशक मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायला मदत करू शकतो. एचआयव्हीसंबंधी माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. महात्मा जोतीराव फुले योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दोन महिने चाललेल्या अंदाजी औषधांचा, सलाइनचा आणि खेपांचा खर्च कुणी मांडत नाही. तोही मांडून पाहा.

उद्या दवाखान्यात जाताना

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. भांडायला नाही, विचारायला. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

१. ही गाठ कशाची असू शकते, आणि आपण कशाचा अंदाज धरून औषध देतोय?
२. औषध लागू पडलं की नाही हे कोणत्या तारखेला ठरवायचं, आणि त्या दिवशी स्कॅन होणार का?
३. रक्तातली टॉक्सोची अँटिबॉडी आणि सीडी-४ तपासलं का?
४. पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित आहे का? असेल, तर त्यात ईबीव्हीची पीसीआर संख्येसह, लिम्फोमाच्या पेशी आणि क्षयाची तपासणी एकाच वेळी होईल का?
५. स्टेरॉइड चालू आहे का?
६. तुकडा काढायचा नसेल, तर नेमकं कारण काय?
७. एआरटी कधी सुरू किंवा पुन्हा सुरू करायची?

चौथ्या प्रश्नात ‘एकाच वेळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सुई एकदाच टोचायची, तर पाणी पुरेसं घ्यावं आणि सगळ्या तपासण्या आधीच ठरवून पाठवाव्यात. एक तपासणी राहिली म्हणून पुन्हा टोचणं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. डोळेही तपासून घ्या, कारण हा लिम्फोमा कधीकधी डोळ्याच्या आतही सापडतो आणि तिथून निदान सोपं होतं.

आणि हा लेख वाचणाऱ्या ज्या कुणाच्या कपाटात एआरटीचा अर्धवट राहिलेला डबा आहे, त्याच्याशी दोन शब्द. या सगळ्या सुया, स्कॅन आणि तुकडे ज्या गोष्टीने टळतात, ती त्या डब्यात आहे. पहारा जागा असेल, तर ईबीव्ही तुमच्या शरीरात म्हातारपणापर्यंत निमूट राहील, जसा माझ्यात राहतोय. गोळ्या सुटल्या असतील तर केंद्रात जा. उशीर झाला म्हणून ओरडा बसेल या भीतीने जाणं टाळू नका. ओरडा बसलाच तर ऐकून घ्या, आणि गोळ्या घेऊन या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, त्यामुळे चालू औषधं, विशेषतः स्टेरॉइड, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.)